आपला जिल्हा : दफ्तर आणि माणसे

सुवर्णमहोत्सव हा मागे वळून पाहण्याचा प्रसंग असतो. संस्थेचा इतिहास पाहताना, ती ज्या परिसरात रुजली त्याचाही इतिहास ध्यानात घ्यावा लागतो. त्या दृष्टीने आपल्या परिसराचा हा अल्प परिचय.

हिंगोली-नांदेड रस्त्यावरील आखाडा बाळापूर कळमनुरी तालुक्यात मोडते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १८६५ च्या सुमारास पहिल्या सालारजंगांनी जिल्हाबंदी अमलात आणली आणि महसुलाच्या मक्तेदारांऐवजी पगारी अधिकारी नेमले. जिल्ह्याच्या प्रमुखास त्या काळी ‘अव्वल तालुकदार’ म्हणत. हिंगोली, वसमत व कळमनुरी हे तालुके परभणी जिल्ह्यात होते. हिंगोलीस हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. १९०३ मध्ये ती फौज ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात विलीन झाली.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. आपल्या वडीलधाऱ्यांनी घराचा उंबरठा न सोडता संस्थान, दोन राज्ये आणि दोन जिल्हे अनुभवले.

पाच तालुक्यांच्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ११,७७,३४५ आहे. संत नामदेवांचे नर्सी, नागनाथाचे औंढा आणि भगवान मल्लिनाथांचे शिरड शहापूर ही श्रद्धास्थाने येथे शेजारी नांदतात. कयाधू आणि पैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यात, वसमतच्या हळदीच्या बाजारात सर्व समाजांचे व्यवहार एकमेकांत गुंतलेले आहेत.

या व्यवहारांची साक्ष मात्र विखुरलेली आहे. संस्थानाचा दरबारी कारभार उर्दूत चाले, गावचे हिशेब मोडीत लिहिले जात आणि कागदावर फसली सन असे. त्यात ५९० मिळविले की साधारणतः इसवी सन मिळतो. हे साधे गणितही आज अनेकांना ठाऊक नाही. या कागदांचे मोल सप्टेंबर २०२३ नंतर सर्वांच्या ध्यानात आले. न्या. संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दफ्तर तपासले, तेव्हा जुनी उर्दू व मोडी वाचणाऱ्या जाणकारांचा शोध घ्यावा लागला.

आपल्या पूर्वजांनी शास्त्रभांडारे प्राणापलीकडे जपली. श्रुतपंचमी व ज्ञानपंचमीस आपण ग्रंथांचे पूजन करतो. परंतु दुकानाच्या जुन्या वह्या, खरेदीखते, मंदिराच्या वर्गणीच्या याद्या आपण निःशंकपणे रद्दीत घालतो. दुष्काळात कोणास किती धान्य उधार दिले, कोणाचे देणे माफ केले, मंदिरासाठी कोणी काय अर्पण केले, हे सरकारी दफ्तरात सापडणार नाही. ते त्या वह्यांतच आहे.

म्हणून समाजबांधवांस नम्र विनंती, की येत्या पंचमीस घरातील जुने कागदही बाहेर काढावेत, त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि मोडी जाणणाऱ्यांकडून ते वाचून घ्यावेत. त्यांतील नावे ओळखणारी वडीलधारी मंडळी आज आपल्यात आहेत, तोवरच हे कार्य पूर्णत्वास जाऊ शकते. शताब्दीची स्मरणिका लिहिणाऱ्यांच्या हाती आपण काय ठेवणार, हे आजच ठरणार आहे.