वेढ्यांत झाकलेला पत्ता

अण्णांनी उभं आयुष्य तांब्याची तार गुंडाळण्यात घालवलं. अंबड एमआयडीसीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या कॉइली बनत. अण्णांची दुसरी पाळी असली की सिडकोतल्या घरून मी त्यांचा डबा घेऊन जायचे. ते वेढे मोजत असले तर बोलायचं नाही, हा नियम. एकदा मी विचारलं, तार सगळी तांब्याचीच आहे, मग सोल्डर कुठेही का बसत नाही? अण्णा म्हणाले, "तारेवर इनॅमल असतं, बाळा. टॅप जिथे काढायचा, तेवढंच खरवडायचं." मग पॉलिश पेपरने घासून त्यांनी एवढीशी जागा लालसर उघडी केली.

आज मी जीवशास्त्र शिकवते. जनुक चालू कसं होतं हे सांगायची वेळ आली की मला ती घासलेली जागा आठवते.

माणसाच्या एका पेशीत सुमारे दोन मीटर डीएनए असतो आणि तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात बसवलेला असतो. जनुकं चालू-बंद करणारी प्रथिनं, म्हणजे ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर, या तारेवरचे छोटे शब्द ओळखून तिथे चिकटतात. शब्द सहा अक्षरांचा धरला, तर तीन अब्ज अक्षरांत तो निव्वळ योगायोगानेच सात लाखांहून जास्त वेळा येईल. प्रत्यक्षात एखाद्या पेशीत प्रथिन बसलेलं सापडतं ते त्यातल्या थोड्याच जागांवर. बाकीचे पत्ते बरोबर असून उपयोगाचे का नाहीत, हा खरा प्रश्न.

उत्तराची सामग्री फार आधीच हाती आली होती. वॉल्थर फ्लेमिंगने 1880च्या सुमारास केंद्रकातल्या रंग शोषणाऱ्या द्रव्याला क्रोमॅटिन हे नाव दिलं. अल्ब्रेख्त कोसेलला 1884 मध्ये हंसाच्या लाल रक्तपेशींत हिस्टोन प्रथिनं मिळाली. पण पुढे कितीतरी दशकं हिस्टोन म्हणजे नुसतं बांधणीचं सामान, अशीच बऱ्याच जणांची समजूत राहिली. मला हे फार लागतं. अक्षरांचं सगळ्यांना कौतुक, गुंडाळणाऱ्याला कोणी विचारत नाही.

1974 मध्ये केंब्रिजला रॉजर कोर्नबर्गने गुंडाळी कशी असते ते मांडलं: आठ हिस्टोनचा गाभा आणि त्यावर डीएनए. 1997 मध्ये कॅरोलिन लुगर आणि सहकाऱ्यांनी त्याची स्फटिकरचना दाखवली. एका गाभ्याभोवती जेमतेम पावणेदोन वेढे बसतात. ते चित्र मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अण्णांचं बॉबिनच समोर आलं.

माझ्या मते या इतिहासातला सर्वांत देखणा प्रयोग 1976चा. हॅरॉल्ड वाइन्ट्रॉब आणि मार्क ग्राउडिन यांनी कोंबडीच्या लाल रक्तपेशी घेतल्या. पक्ष्यांच्या लाल रक्तपेशींत केंद्रक शाबूत असतं, आपल्या लाल रक्तपेशींत ते उरत नाही. त्या केंद्रकांवर त्यांनी डीएनए कापणारं विकर थोडंसं सोडलं. रक्ताचं ग्लोबिन बनवणारं जनुक चटकन कापलं गेलं. अंड्याच्या पांढऱ्यातलं प्रथिन बनवणारं जनुक मात्र त्याच पेशींत तग धरून राहिलं. दोन्ही जनुकं तिथेच होती, फक्त एक उघडं होतं आणि दुसरं झाकलेलं. कात्री जिथे पोचते तिथे प्रथिनंही पोचतात, हे सूत्र तिथून पक्कं होत गेलं. 2013 मध्ये आलेली अटॅक-सीक पद्धत हेच काम वेगळ्या विकराने, एका वेळी अख्ख्या जीनोमवर करते.

कोविडच्या काळात घरोघरी ठाऊक झालेलं डेक्सामेथासोन पेशीतल्या ज्या प्रथिनाला जागं करतं, त्याच्या बाबतीत 2011 मध्ये उंदरांच्या पेशींवर असंच दिसलं. ते नव्याने जिथे जिथे बसलं, त्यातल्या सुमारे 95 टक्क्यांपर्यंत जागा आधीपासूनच मोकळ्या होत्या. वेगळ्या पेशीत मोकळ्या जागा वेगळ्या, म्हणून तिथे बसायची ठिकाणंही वेगळी. काही प्रथिनं मात्र मिटलेल्या वेढ्यातही शिरतात. यकृत घडवताना लागणारं फॉक्सए त्यातलं. त्याचा एक भाग वेढे जखडणाऱ्या हिस्टोनसारखाच घडलेला आहे. ते आधी शिरून जागा मोकळी करतं आणि मग बाकीच्यांना वाट मिळते.

हे सगळं परदेशातच झालं, असं माझ्या विद्यार्थ्यांना वाटतं, म्हणून मी त्यांना पुण्याला नेते, निदान गोष्टीतून. गणेशखिंडीत विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात संजीव गलांडे यांच्या गटाने सॅटबी-1 या प्रथिनावर काम केलं. हे प्रथिन टी-पेशींत डीएनएचे फास बांधून जनुकांचा शेजार ठरवतं. 2006 मध्ये या गटाने दाखवलं, की सॅटबी-1ला फॉस्फेट जोडलं गेलं की ते वेढे आवळणाऱ्या विकराला जवळ करतं आणि फॉस्फेट निघालं की सैल करणाऱ्याला. एका बारीक रासायनिक खुणेवर जागा उघडी की बंद ते ठरतं. 2010 मध्ये गलांडे यांना भटनागर पुरस्कार मिळाला. त्यांचं काम पुढे पुण्याच्याच आयसर संस्थेत चाललं. अंबडहून पाच-सहा तासांच्या वाटेवर हे घडलं आणि मी बी.एस्सी. झाले तेव्हा माझ्या वहीतला डीएनए मात्र सरळ, उघडावाघडा, पट्टीने आखलेला होता.

अजूनही कित्येक वह्यांत तो तसाच आहे. शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: फळ्यावर जनुक काढताना आधी बॉबिनं काढा, त्यांवर वेढे घाला, मधली एक जागा मोकळी सोडा आणि प्रथिन तिथे बसवा.