गिटारचे धडे : गुरू पडद्यापलीकडे

गिटार शिकायची तर पूर्वी क्लास गाठावा लागे, नाहीतर पुस्तकातील आकृत्या पाहून तारांवर बोटे बसवावी लागत. इंटरनेटने तिसरा मार्ग खुला केला. टास्मानियात जन्मलेले गिटारवादक जस्टिन सँडरको यांनी २००३ मध्ये आपले पाठ संकेतस्थळावर विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. २०२० च्या टाळेबंदीत तर अनेक शिक्षकांची शिकवणी घरच्या पडद्यावर आली.

मात्र, तयार चित्रफीत पाहणे आणि अनुभवी शिक्षकाकडून ऑनलाइन शिकणे यांत मूलभूत फरक आहे. चित्रफितीत शिक्षकाचा हात दिसतो. शिकणाऱ्याचा हात कोणीच पाहत नाही. बोट फ्रेटच्या लगत मागे न पडता दूर पडणे, कॉर्ड धरताना शेजारची तार दबणे, मनगट अवाजवी वाकणे, या चुका नवशिक्याला स्वतःला उमगत नाहीत. हाताला लागलेले चुकीचे वळण पुढे मोडणे कठीण जाते आणि मनगटदुखीही जडू शकते. शिक्षकाच्या नजरेचे मोल आहे ते इथेच. म्हणून कॅमेरा चेहऱ्यावर नव्हे, तर दोन्ही हात दिसतील असा ठेवावा.

ऑनलाइन पद्धतीची मोठी मर्यादा म्हणजे आवाजाचा विलंब. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे दहा मीटर अंतरावरील दोन वादकांना एकमेकांचे वादन साधारण २९ मिलिसेकंद उशिरा ऐकू येते. एवढा विलंब सांभाळून घेता येतो. व्हिडिओ कॉलवर तो अनेकदा १०० मिलिसेकंदांहून अधिक असतो. त्यामुळे गुरू-शिष्यांना एकत्र वाजवता येत नाही आणि शिक्षकाने टाळीने धरलेला ठेकाही निरुपयोगी ठरतो. यावर उपाय म्हणजे मेट्रोनोम विद्यार्थ्याने आपल्याकडे लावावा. शिक्षकाने एक तुकडा वाजवून थांबावे आणि मग विद्यार्थ्याने तो वाजवावा. रियाजाचे ध्वनिमुद्रण आठवड्यातून एकदा पाठवल्यास लयीतील दोष शिक्षकाला नेमके कळतात, कारण त्यात हा विलंब नसतो.

कॉलच्या सॉफ्टवेअरमधील गोंगाट गाळणारी सोय दीर्घकाळ घुमणारा तारेचा नादही कापून टाकते. धड्याच्या वेळी ती बंद करावी. गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ८२ असते. मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून हा खर्ज नीट ऐकू येत नाही. त्यासाठी हेडफोन बरा.

शिक्षक निवडण्यापूर्वी कोणती गिटार शिकायची, हे ठरवावे. स्पॅनिश गिटार बोटांनी तारा दाबून वाजते, तर हवाइयन गिटारवर धातूची पट्टी सरकवतात. पं. ब्रिजभूषण काब्रा यांनी हिंदुस्थानी रागसंगीतात आणली ती याच दुसऱ्या पद्धतीची गिटार. १९९४ मध्ये ग्रॅमी मिळविणाऱ्या पं. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणाही त्याच परंपरेतील. एका पद्धतीचा जाणकार दुसरी शिकवीलच असे नाही.

महिन्यांचे शुल्क एकरकमी भरण्याऐवजी आधी एक धडा घेऊन पाहावा. त्यात शिक्षक स्वतः किती वाजवतो यापेक्षा, आपले किती ऐकतो आणि कोणती चूक नेमकी दाखवतो, याकडे लक्ष द्यावे. त्यानंतरची भिस्त रोजच्या अर्ध्या तासाच्या रियाजावर.