डोंगराचं पाण्यातलं प्रतिबिंब मोबाईलमध्ये कसं टिपायचं?

आमच्या उमरग्याला मोठे डोंगर नाहीत, म्हणून मी सराव नळदुर्गला करतो, बोरी नदीत पडणाऱ्या किल्ल्याच्या तटबंदीवर. भंडारदऱ्याच्या जलाशयात रतनगड टिपतानाही हेच गणित लागू पडतं.

सरळ वरून पाहिलं तर पाणी जेमतेम २ टक्के प्रकाश परत फेकतं. नजर तिरपी झाली की कितीतरी जास्त. म्हणून मोबाईल उलटा धरा, लेन्स पाण्याजवळ येते. (दोरी मनगटाला बांधलेली बरी!) वेळ पहाटेची, वारा पडलेला.

फोकस तरंगणाऱ्या पानावर नको, प्रतिबिंबातल्या कड्यावर टॅप करा. कॅमेऱ्यासाठी तो खऱ्या डोंगराइतकाच लांब असतो. प्रतिबिंब आकाशापेक्षा गडद येतं, तरी एक्सपोजर वाढवू नका. सावली एडिटमध्ये उजळते, पांढरं पडलेलं आकाश परत येत नाही. पोलरायझर लावलात तर फिरवून बघा, नाहीतर तो प्रतिबिंबच पुसून टाकेल.