मुठीतली संख्या

“बोटांवर मोजू नकोस, तोंडी सांग!” पहिलीच्या वर्गात आपण शिक्षक हे वाक्य किती सहज बोलून जातो! पण बोटांवर मोजणे ही केवळ मुलांची खोड नव्हे. मोठ्यांचे व्यवहारही त्यावर चालत आले आहेत.

शाहू महाराजांनी १८९५ साली कोल्हापुरात शाहूपुरीची पेठ वसवली आणि पुढे कोल्हापूर गुळाच्या व्यापारासाठी नावाजले. त्या काळी महाराष्ट्रातील अनेक बाजारांत ‘हत्ता’ पद्धतीने सौदे होत. अडत्या आणि खरीददार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. तोंडून शब्द नाही, तरी आकडा पोचे. शेजारी उभ्या शेतकऱ्याला मात्र आपल्याच मालाचा भाव कळत नसे. म्हणून पुढे नियंत्रित बाजारांत ही पद्धत बंद करून उघड लिलाव आणले गेले.

आता घरातली मापे पाहू. चिमूट, मूठ, पसा, ओंजळ. धान्य वाढते तसा हात उघडत जातो. ‘जास्त’ आणि ‘उघडा हात’ ही जोडी आपण मोठेपणी शिकतो, की ती आधीपासूनच मनात असते?

डेकार्ली, वेज्जोट्टी आणि दे हेविया या संशोधकांनी सात ते नऊ महिन्यांच्या ४० बाळांवर केलेला प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला संख्या वाढेल तसा अधिक उघडा हात दाखवला, दुसऱ्याला अधिक मिटलेला. बाळे सरावल्यावर दोन्ही प्रकारच्या जोड्या दाखवल्या. पहिल्या गटातील बाळे उलटी जोडी अधिक वेळ न्याहाळत राहिली. दुसऱ्या गटात असा फरक दिसला नाही. येथे मोजली ती बाळांची नजर, मेंदू नव्हे. पण मेंदूचा पार्श्विक खंड संख्या आणि हालचाल या दोन्ही कामांत भाग घेतो, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे बोलता येण्याआधीच संख्येची हाताशी गाठ पडलेली असावी.

कोल्हापूर संस्थानात १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. शेतकऱ्यांची मुले शाळेत आली, ती हातातला हिशेब घेऊनच आली असणार. आजचे मूलही तसेच येते. म्हणून आम्हांला वाटते, त्याला खुशाल बोटांची पेरे मोजू द्यावीत. अंगठा फिरवला की चार बोटांवर बारा होतात. तोंडी हिशेब जमू लागला की बोटे आपोआप विसावतील. रुमालाखाली लपवण्यासारखे त्यात काही नाही.