१९७५ : सत्ता, न्यायालय आणि व्यासपीठ

स्वातंत्र्योत्तर भारताच्या इतिहासात १९७५ या वर्षाची ओळख २५ जूनच्या आणीबाणीपुरती मर्यादित राहिली आहे. वस्तुतः वर्षाचा पूर्वार्ध शासनाला यश देणाराही होता. १९ एप्रिलला ‘आर्यभट्ट’ उपग्रह सोव्हिएत भूमीवरून अवकाशात गेला; मे महिन्यात सिक्कीम हे २२ वे राज्य झाले. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवड रद्द ठरविली आणि चित्र पालटले.

ऑगस्टमधील ३९ व्या घटनादुरुस्तीने पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेला. ७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद घटनाबाह्य ठरविली, परंतु निवड मात्र वैध मानली. कारण दरम्यान निवडणूक कायदाच पूर्वलक्षी प्रभावाने बदलण्यात आला होता. हा तपशील सहसा दुर्लक्षिला जातो.

१५ ऑगस्टला प्रदर्शित झालेल्या ‘शोले’चाही शेवट सेन्सॉरमुळे बदलावा लागला. ठाकूरच्या हातून गब्बरचा मृत्यू होण्याऐवजी ऐनवेळी पोलीस आले. सूड घेणारा नागरिक शासनाला पडद्यावरही नको होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

मराठी साहित्यविश्वाची कसोटी कऱ्हाडला लागली. डिसेंबरमधील ५१ व्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी, तत्कालीन परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण उपस्थित असताना, जयप्रकाश नारायण यांच्या आरोग्यासाठी प्रार्थनेचे आवाहन केले. प्रकृती ढासळल्यामुळे जयप्रकाशांची नोव्हेंबरमध्येच स्थानबद्धतेतून सुटका झाली होती. वृत्तपत्रांवर नियंत्रण होते; आजाऱ्यासाठी प्रार्थना करण्यास मनाई करणे मात्र शासनालाही अवघड होते. १९७६ मध्ये दुर्गाबाईंना अटक झाली.