गाणाऱ्या फोनाची हकीकत

या मांडवाच्या दाराशी पाटी आहे : 'आपापले फोन बंद ठेवावेत.' फोन मध्येच वाजला म्हणजे व्याख्यानाचा विचका होतो, हे खरेच. परंतु आज आम्ही त्या वाजणाऱ्या वस्तूचीच हकीकत सांगावयास उभे आहोत. बोलण्यासाठी घेतलेला फोन गाऊ कसा लागला, आणि यंत्र तयार असूनही त्यास पोटभर गाऊ देण्यास इतकी वर्षे का लागली, एवढाच आमचा प्रश्न आहे.

बोलणे आणि गाणे यांची खिशातल्या पेटीत गाठ पडली, ती फोनच्याही आधी. १ जुलै १९७९ रोजी सोनी कंपनीने जपानात वॉकमन विकावयास काढला. किंमत ३३,००० येन. त्या पहिल्या वॉकमनला हेडफोन लावावयाच्या जागा दोन होत्या, आणि शिवाय नारिंगी रंगाचे एक बटण होते. ते दाबले की गाणे हळू होई व आतल्या मायक्रोफोनमधून दुसऱ्या ऐकणाऱ्याशी बोलता येई. एकट्यानेच कानात गाणे घालून बसणे लोकांस उद्धटपणाचे वाटेल, अशी कंपनीचे एक संस्थापक अकिओ मोरिता यांस धास्ती होती. म्हणून ही सोय. गिऱ्हाइकांस ती धास्ती मुळीच नव्हती, असे दिसून आले. पुढे ते बटण गेले. आम्हांस मात्र ते नारिंगी बटण विसरवत नाही.

गाणे फोनात मावावयाचे, तर ते आधी लहान व्हावयास हवे होते. सीडीवरील एका मिनिटाच्या गाण्यास सुमारे १० एमबी जागा लागते. जर्मनीत एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी या कामी लागले होते. ढोल वाजू लागला म्हणजे शेजारच्याची कुजबुज आपल्यास ऐकू येत नाही. जे कानास ऐकूच येत नाही, ते साठवावे कशाला? असे न ऐकू येणारे वगळले, आणि तेच मिनिट साधारण एका एमबीत बसले. १९९५ च्या जुलैत या फायलींस 'एमपीथ्री' हे नाव मिळाले.

२००० साली सॅमसंगने अमेरिकेत 'अपरोअर' नावाचा फोन आणला. त्यात ६४ एमबी, म्हणजे तासाभराचे गाणे. त्याच सुमारास जर्मनीच्या सीमेन्सचा एसएल४५ आला; त्याचे ३२ एमबीचे कार्ड बाहेर काढता येई व दुसरे घालता येई. या काढत्या-घालत्या कार्डाकडे श्रोत्यांनी लक्ष ठेवावे, पुढे त्याचे काम आहे. तात्पर्य, गाणारा फोन शतकाच्या वळणावरच तयार होता. तरीही २३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपलने हजार गाण्यांचा आयपॉड दाखविला, आणि पुढे कित्येक वर्षे माणसे एका खिशात फोन व दुसऱ्यात आयपॉड घेऊन हिंडत राहिली.

असे का? जागा थोडी होती, कार्डे महाग होती, बॅटरी दुबळी होती. ही कारणे खरीच. पण आमच्या मते मोठी अडचण यंत्रात नव्हती, वहीखात्यात होती. ध्वनिमुद्रण कंपन्यांस नकलेचे भय. फोनसेवा देणाऱ्यांस गाणी आपल्याच जाळ्यातून विकावयाची हाव. आणि पेटी विकणाऱ्यास आपल्या पेटीची काळजी. खुद्द सोनीने १९८८ साली सीबीएस रेकॉर्ड्स ही गाण्यांची कंपनी विकत घेतली होती. मग काय? वॉकमन जगास देणाऱ्या या कंपनीचे नव्या तऱ्हेचे वॉकमन २००४ सालापर्यंत एमपीथ्री सरळ वाजवीतच नसत.

याचा कळस म्हणजे मोटोरोलाचा रॉकर. ७ सप्टेंबर २००५ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे ॲपलच्या स्टीव्ह जॉब्स यांनी तो व्यासपीठावर दाखविला. आयट्यून्स चालविणारा तो पहिला फोन. पण कार्डात जागा असो वा नसो, त्याने १०० गाण्यांपुढे एकही गाणे घ्यावयाचे नाही, असा दंडक घालून दिलेला! फोन घेतल्यावर थांबलेले गाणे पुन्हा सुरू करण्याचा प्रयोगही त्या दिवशी व्यासपीठावर फसला. आणि त्याच सभेत, त्याच हातांनी, जॉब्स यांनी ५०० व १००० गाण्यांचा नवा इवलासा आयपॉड नॅनो काढून दाखविला. लेकीला माहेरी उपाशी ठेवून सवतीला जेवू घालावे, तसा हा प्रकार. त्याच वर्षी सोनी एरिक्सनचा वॉकमन फोन डब्ल्यू८०० आला, ५१२ एमबीच्या कार्डासह, आणि तो एमपीथ्री मुकाट्याने वाजवू लागला. ९ जानेवारी २००७ रोजी जॉब्स यांनीच आयपॉड आणि फोन एका काचेखाली आणले.

आपल्याकडे हा वाद कोणी घातलाच नाही. २००३ पासून येणारा फोन फुकट झाला आणि मोबाइल सामान्य माणसाच्या हाती आला. पाठोपाठ नोकियाचे गाणारे फोन आले, मोठ्या आवाजाचे 'चायना मोबाइल' आले. घरी संगणक नव्हता, इंटरनेट नव्हते. मग चौकातल्या दुकानावर पाटी लागली : 'मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील.' दहा-वीस रुपयांत लावणी, भजन, कव्वाली, जुनी चित्रपटगीते, जे मागाल ते. शेतावर, एसटीत, रिक्षा-थांब्यावर तो फोन मोठ्याने वाजे. मोरितांची धास्ती आपल्याकडे उलटीच खरी ठरली! १ डिसेंबर २००९ पासून आयएमईआय क्रमांक नसलेले फोन सरकारने बंद पाडले. गाणी भरण्याचे काम त्यानेही थांबले नाही.

हे सारे बेकायदा होते. १९५७ चा कॉपीराइटचा कायदा स्पष्ट आहे, आणि त्या दहा रुपयांतला एक पैसाही गायकास, वादकास वा गीतकारास पोचला नाही. आम्हीही कार्डे भरून घेतली आहेत, तेव्हा सोवळेपणाचा आव आणीत नाही. परंतु रॉकरचा तो १०० गाण्यांचा दंडक आठवला म्हणजे, दुकानदारास एकट्यासच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे आम्हांस जड जाते.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले, आणि गाणी कार्डातून हवेत गेली. २०२२ च्या मे महिन्यात ॲपलने आयपॉडही बंद केला. आमच्या माहितीतल्या एका दुकानात आता फोनच्या काचा बसवून मिळतात. कार्डे भरण्याचा जुना संगणक कोपऱ्यात आहे, गाण्यांचे काय केलेत, असे विचारले तर मालक म्हणतात, "आहेत सगळी. मागायला कोणी येत नाही."