हुंडणावळ ते गिफ्ट कार्ड : आगाऊ पैशाची किंमत

मराठेशाहीतील आर्थिक कागदपत्रांत ‘हुंडणावळ’ हा शब्द वारंवार भेटतो. एका गावी सावकाराकडे पैसे भरायचे, त्याच्याकडून हुंडी घ्यायची आणि ती दुसऱ्या गावी त्याच्या पेढीवर किंवा आडत्याकडे वटवायची. या सोयीबद्दल सावकार जे घेई ती हुंडणावळ. दूरच्या मुलखाचा वसूल पुण्यास याच मार्गाने येई. अंतर, हंगाम आणि वाटेवरचा धोका पाहून दर ठरे. भरलेले नाणे अंकुशी आणि मिळणारे चांदवडी असे असेल, तर बट्ट्याचा हिशेब निराळा. दर कित्येकदा जाचक असत. पण ते व्यवहाराच्या आरंभीच ठरत. पैसे आधी भरून नंतर वापरायच्या साधनांचा इतिहास पाहताना मला हाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो : सोयीची किंमत केव्हा घेतली जाते, आणि कोणाकडून?

सुरक्षिततेचा विचारही हुंडीत होता. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मिळत, मुदती हुंडीचे ठरल्या दिवसांनी. शाहजोग हुंडीचे पैसे मात्र बाजारात पत असलेल्या ‘शहा’लाच द्यायचे असत. ती चोराच्या हाती पडली, तरी कोणी पतदार मध्ये आल्याखेरीज वटणे कठीण. आणि वटलीच, तर पैसे कोणी नेले याचा माग लागे. हुंडी हरवल्यास तिची दुसरी प्रत मिळे, तिला ‘पेठ’ म्हणत. तीही हरवली तर ‘परपेठ’.

1880 साली हिंदुस्थानात मनीऑर्डरचे काम टपाल खात्याकडे आले. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्यांचे पैसे कोकणातल्या घरांत पोचू लागले ते त्या वाटेने. इथेही कमिशन पाठवणारा खिडकीवरच भरे. गावी आईच्या हाती पूर्ण रक्कम पडे आणि तिच्या सहीची किंवा अंगठ्याची पोच परत येई.

1891 साली अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीने ट्रॅव्हलर्स चेक काढला. घेताना एक सही, वटवताना दुसरी. हरवला तर बदली चेक. शुल्क आधीच घेतले जाई, पण कंपनीला दुसरीही एक मिळकत होती. चेक विकला गेल्यापासून वटेपर्यंत लोकांचे पैसे तिच्यापाशी राहत आणि ते गुंतवता येत. ग्राहक जितका उशीर करील तितका तिचा फायदा.

गिफ्ट कार्डाने ही मिळकत आणखी वाढवली. दुकानांची कागदी भेटपत्रे जुनीच. 1994 साली नीमन मार्कस या अमेरिकी दुकानसाखळीने प्लास्टिकचे कार्ड आणले आणि काही वर्षांत ते सर्वत्र झाले. कार्डावर थोडी शिल्लक उरते, कार्ड ड्रॉवरमध्ये पडून राहते, मुदत संपते. या न वापरलेल्या रकमेला हिशेबनीस ‘ब्रेकेज’ म्हणतात. शिवाय काही कार्डांवर वापर न केल्याबद्दल दरमहा शुल्क कापले जाई. समजा, 25 डॉलरच्या कार्डातून महिन्याला अडीच डॉलर कापले, तर दहा महिन्यांत भेट संपली. हे शुल्क देणाऱ्याला दिसत नाही आणि घेणाऱ्याला कोणी सांगितलेले नसते.

दुकानच बुडाले तर? 2008 साली शार्पर इमेज ही अमेरिकी कंपनी दिवाळखोरीत गेली आणि तिने आपलीच कार्डे घेणे थांबवले. पुढे घेतली, ती कार्डाच्या दुप्पट रकमेची खरेदी करण्याच्या अटीवर. कार्डधारक हा आपण कंपनीचे धनको आहोत हे तेव्हा शिकला.

2009 च्या अमेरिकी कार्ड कायद्याने कार्डातील रकमेला किमान पाच वर्षांचे आयुष्य दिले. वर्षभर वापर नसेल तरच निष्क्रियतेचे शुल्क, तेही महिन्याला एकच आणि आधी स्पष्ट छापलेले. बँकांच्या कार्डांवरील खरेदीवेळचे शुल्क मात्र राहिले. एका अर्थी कायद्याने शुल्काला पुन्हा हुंडणावळीसारखे उघड्यावर आणले.

भारतात 2007 च्या कायद्याखाली रिझर्व्ह बँकेने 2009 पासून अशा साधनांचे नियम केले. त्यांनुसार गिफ्ट कार्ड जास्तीत जास्त 10,000 रुपयांचे असते, त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत आणि ते रोखीत बदलता येत नाही. मुदत किमान एक वर्षाची. ती संपल्यावरही धारकाने मागणी केल्यास उरलेली रक्कम बँक खात्यात द्यायची असते. बँकेतर कंपनीने ग्राहकांचे पैसे वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवायचे. एखाद्या दुकानाने केवळ स्वतःच्याच मालासाठी काढलेले कार्ड मात्र या नियमांबाहेर आहे. तिथे आधार दुकानाच्या पतीचाच. मुदत संपण्यापूर्वीच्या 45 दिवसांत सूचना द्यावी असेही नियम सांगतो. पण नोंदवलेला मोबाईल देणाऱ्याचा असेल, तर सूचनाही त्यालाच जाणार. म्हणून कार्डाबरोबर पावती आणि मुदतीची तारीख द्यावी. ही पावती म्हणजे आपली ‘पेठ’.

धोक्याची दुसरी बाजू चोरीची. कार्डाला सही लागत नाही, शहा लागत नाही. क्रमांक आणि पिन ज्याला कळला तो मालक. म्हणूनच ‘साहेब बोलतोय, कार्डे घेऊन क्रमांक पाठवा’ असा निरोप ठगांना सोयीचा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनकडे 2021 च्या पहिल्या नऊ महिन्यांतच अशा 14.8 कोटी डॉलरच्या फसवणुकीच्या तक्रारी आल्या. कोणतेही सरकारी खाते, पोलीस वा बँक कर किंवा दंड गिफ्ट कार्डाने मागत नाही. दुकानातून घेताना पिनवरचे आवरण खरवडलेले नाही ना, हे पाहावे. फसवणूक झालीच, तर कार्ड काढणाऱ्याला लगेच कळवावे आणि 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करावी.

रिझर्व्ह बँकेच्या नियमांत आणखी एक अपेक्षा आहे : शुल्क, मुदत आणि अटी सोप्या शब्दांत, शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत सांगाव्यात. माझ्यासमोर एका बँकेचे कार्ड आहे. त्याच्या लिफाफ्यावर अटी बारीक इंग्रजीत आहेत. मराठीची एक ओळ नाही. हुंडणावळ, बट्टा, मुदत, पोच हे शब्द भाषेत अजून आहेत आणि ग्राहकाला समजतातही. ते त्या लिफाफ्यावर छापून घेण्याचा आग्रह आपण धरायला हवा.